एका सिलिंडरची चार कामं

अमेरिकेतल्या बहुतेक ट्रेलर-कॅम्परच्या पुढच्या टोकाला, गाडीला जोडायच्या दांड्यावर, प्रोपेनचे एक-दोन सिलिंडर बसवलेले दिसतात. सर्रास वापरला जाणारा सिलिंडर 20 पौंडांचा, म्हणजे त्यात साधारण 9 किलो वायू मावतो. एक किलो प्रोपेन जाळलं की जवळपास 13 युनिट ऊर्जा मिळते. आपल्या विजेच्या बिलात मोजतात तेच हे युनिट. म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीच्या त्या भांड्यात 115 युनिटांहून अधिक ऊर्जा बसलेली असते. तेवढी ऊर्जा बॅटरीत भरायची म्हटलं तर हल्लीच्या चांगल्या लिथियम बॅटऱ्यांचं वजनसुद्धा एक टनाच्या वर जाईल. ‘प्रोपेनशिवाय कॅम्पर चालवणं म्हणजे हौसेला मोल नाही’ असं म्हणणारे हा एकच आकडा पुढे करतात आणि विषय संपवतात. आकडा बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. साठा किती आहे हे पाहताना तो साठा कशात आणि कसा खर्च होतो, हे त्यात पाहिलेलंच नसतं.

कॅम्परमधलं प्रोपेन चार कामं करतं: फ्रिज थंड ठेवणं, स्वयंपाक, अंघोळीचं पाणी तापवणं आणि थंडीत आतली हवा उबदार ठेवणं. ही चारही कामं एकाच नळीवर चालतात म्हणून आपण त्यांना एकाच जातीची समजतो. ‘प्रोपेनऐवजी काय?’ असा प्रश्न आला की सगळ्यांना मिळून एक पर्याय शोधायला निघतो, आणि तो सापडत नाही. प्रत्यक्षात फ्रिज आणि स्वयंपाकात प्रोपेनची बरीचशी ऊर्जा वायाच जाते, आणि पाण्याचं काम मुळातच लहान आहे. तिथे विजेला 115 युनिटांशी स्पर्धा करावीच लागत नाही, त्याच्या लहानशा हिश्शात भागतं. चौथं काम वेगळं आहे. तिथे मात्र एक युनिट उष्णतेला जवळपास एक युनिट ऊर्जाच लागते आणि प्रोपेनची ताकद खरी ठरते. त्यामुळे ‘प्रोपेन सोडता येईल का’ याचं उत्तर एकच एक नाही. तीन कामांपुरतं ते आज सहज ‘हो’ आहे, आणि चौथ्यापुरतं ‘तुम्ही कुठे आणि कधी फिरता त्यावर’ आहे.

फ्रिजपासून सुरुवात करू, कारण आगीवर चालणारा फ्रिज ही या सगळ्यातली सर्वांत विलक्षण वस्तू आहे. 1922 साली स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी एकही हलता भाग नसलेला फ्रिज शोधून काढला. तळाशी छोटी ज्योत. तिच्यावर पाण्यात विरघळलेला अमोनिया तापतो आणि वाफ होऊन वर जातो. मागच्या नळ्यांत ती वाफ गार होऊन द्रव बनते. मग हा द्रव अमोनिया हायड्रोजनने भरलेल्या भागात उतरतो, तिथे त्याची पुन्हा वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो फ्रिजच्या आतल्या हवेतून ओढून घेतो. शेवटी पाणी त्याला परत शोषून घेतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. पंप नाही, मोटर नाही, आवाज नाही. इलेक्ट्रोलक्सने 1925 मध्ये हा शोध विकत घेतला. पुढे आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञांच्या जोडीलाही हलत्या भागांशिवाय चालणाऱ्या फ्रिजचा मोह पडला आणि त्यांनी आपल्या रचनेचं पेटंट घेतलं. जंगलात किंवा वाळवंटात, जिथे विजेची तार नाही, तिथे दूध आणि मांस टिकवायला ज्योतीइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. कॅम्परमध्ये प्रोपेन इतकं पक्कं बसण्यात या फ्रिजचा वाटा शेगडीपेक्षा कमी नाही, कारण शेगडी दिवसातून दोन-तीनदा पेटते आणि फ्रिज चोवीस तास.

या सुंदर यंत्राचा दोष एकच, पण मोठा: ते अत्यंत उधळं आहे. कॅम्परमधला असा फ्रिज दिवसाला साधारण 300 ते 500 ग्रॅम प्रोपेन खातो, म्हणजे चार ते सहा युनिटं. तेवढ्याच आकाराचा, 12 व्होल्टवर चालणारा कंप्रेसरचा फ्रिज हेच काम अर्ध्या ते पाऊण युनिटात करतो. ज्योत उष्णता देते आणि त्या उष्णतेच्या जोरावर थंडावा मिळवायचा, हा द्राविडी प्राणायाम आहे. कंप्रेसर मात्र आतली उष्णता सरळ उचलून बाहेर टाकतो. शिवाय ज्योतीच्या फ्रिजमधला अमोनिया गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर फिरतो, त्यामुळे गाडी बरीच कलती उभी राहिली की चक्र अडखळतं. म्हणून जुने कॅम्परवाले मुक्कामाला पोचले की आधी पाणसळ काढतात आणि चाकाखाली फळ्या सरकवतात. बाहेर 40 अंशांच्या पुढे तापलं की हा फ्रिज धापा टाकू लागतो. जो सिलिंडर सोडायच्या विचारात आहे त्याने पॅनलच्या किमती बघण्याआधी फ्रिज बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हा एक बदल झाला की रोजच्या हिशोबातली चार-पाच युनिटं कमी होतात आणि उरलेलं गणित माणसाच्या आवाक्यात येतं.

स्वयंपाकाची गोष्टही अशीच. गॅसच्या ज्योतीतली जेमतेम एक तृतीयांश ते 40 टक्के उष्णता भांड्यात उतरते. बाकीची भांड्याच्या कडेने वर निघून जाते. इंडक्शनवर 85 टक्क्यांच्या आसपास उष्णता थेट भांड्याच्या तळात तयार होते. एक लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला आणायला मुळात 0.09 युनिट लागतं, इंडक्शनवर ते 0.11 पर्यंत जातं. दोन कप चहाला 0.04 युनिटाच्या आत भागतं. कुकरमध्ये दोघांचा वरण-भात पाव युनिटात होतो, आणि शिट्टी येताच आच कमी केली तर त्याहूनही कमीत. सकाळचा नाश्ता, दोन वेळचं जेवण आणि चहा धरून दोन माणसांचा दिवस एका युनिटाच्या आत बसवता येतो. भांडी मात्र बदलावी लागतात. ॲल्युमिनियमचा किंवा हिंडालियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. चुंबक चिकटेल असा स्टीलचा तळ हवा. बिडाचा तवा उत्तम चालतो. अडचण येते ती भाकरीची. तव्यावरून काढून सरळ जाळावर टाकायची आणि टम्म फुगवायची, ही सोय इंडक्शनवर नाही. तव्यावरच फडक्याने दाबत शेकावी लागते. अमेरिकेत कॅम्पर घेऊन फिरणाऱ्या मराठी कुटुंबाला हा तोटा वाटेल, आणि तो आहेही.

इंडक्शनची खरी परीक्षा युनिटांत नसून अँपिअरमध्ये आहे, आणि इथेच बरीच हौशी मंडळी फसतात. 1,800 वॅटची शेगडी पूर्ण आचेवर चालवली तर 12 व्होल्टच्या बॅटरीतून 150 अँपिअर ओढले जातात. इन्व्हर्टरमधली घट धरली तर 165 च्या आसपास. 100 अँपिअर-तासांच्या पुष्कळ लिथियम बॅटऱ्यांमध्ये आत बसवलेलं नियंत्रक सर्किट 100 अँपिअरच्या वर गेलं की बॅटरी बंद करून टाकतं. मग बॅटरी भरलेली असूनही शेगडी पाचव्या सेकंदाला विझते आणि मालक इन्व्हर्टरला शिव्या देतो. उपाय साधे आहेत: दोन-तीन बॅटऱ्या समांतर जोडायच्या, तारा अंगठ्याएवढ्या जाड आणि शक्य तितक्या आखूड ठेवायच्या, बॅटरीजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज घालायचा, किंवा शेगडी हजार वॅटवर चालवून पाच मिनिटं जास्त थांबायचं. मोठ्या गाड्यांत मुळापासून 48 व्होल्टची मांडणी केली तर तोच भार सुमारे 40 अँपिअरवर येतो. अंघोळीच्या पाण्याचं काम त्या मानाने किरकोळ आहे. दहा लिटर पाणी 15 अंशांवरून 40 वर न्यायला 0.3 युनिट पुरतं. काटकसरीने दोघांच्या अंघोळी त्यात होतात. इंजिनातल्या गरम पाण्यावर तापणारी टाकी बसवली तर प्रवासाच्या दिवशी तेही फुकट.

तर फ्रिज, स्वयंपाक, पाणी आणि दिवे-पंखा-फोन-लॅपटॉप मिळून रोजचा खर्च अडीच युनिटांच्या आसपास येतो. हे पंचवीस वर्षांपूर्वी कॅम्परमध्ये जमलं नसतं. तेव्हाची 100 अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी 30 किलोच्या घरात आणि आयुष्य टिकवायचं तर तिच्यातली निम्मीच वीज वापरायची, म्हणजे 0.6 युनिट. बदल घडवला तो लोह-फॉस्फेटच्या लिथियम बॅटरीने. 1997 साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटातल्या अक्षय पाढी आणि सहकाऱ्यांनी या रसायनाची ओळख करून देणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. गुडइनफ यांना पुढे 2019 मध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी, लिथियम बॅटरीवरच्या एकूण कामासाठी नोबेल मिळालं. या प्रकारची 100 अँपिअर-तासांची बॅटरी 12 किलोच्या आसपास भरते आणि तिच्यातलं जवळपास सगळं 1.28 युनिट वापरता येतं. अशा तीन बॅटऱ्यांचं वजन दोन भरलेल्या सिलिंडरांइतकंच होतं आणि त्यांत दीड दिवसाची वीज मावते. ‘लिथियम म्हणजे आग’ ही भीती फोन आणि स्कूटरच्या बातम्यांतून आलेली आहे. फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्यामुळे हे रसायन निकेल-कोबाल्टच्या प्रकारांपेक्षा बरंच शांत असतं. पेट घेऊच शकत नाही असं नव्हे. पण झोपण्याच्या जागेखाली ठेवायला मी गळक्या नळीपेक्षा तिला पसंती देईन. तिची एक खोड लक्षात ठेवायला हवी: शून्य अंशांखाली ती चार्ज करायची नाही, नाहीतर आत लिथियम धातूचा थर साचून ती कायमची बाद होते. म्हणून ती गाडीच्या आत, माणसांच्या बरोबर राहायला हवी.

आता रोजची ही अडीच युनिटं येणार कुठून? सिलिंडर म्हणजे भरलेली कणगी, तर सौर पॅनल म्हणजे रोजंदारी. ॲरिझोनातल्या युमाजवळ उन्हाळ्यात छतावर सपाट बसवलेली 400 वॅटची पॅनल दिवसाला दोन युनिटांच्या वर देतात. डिसेंबरात तिथेच सूर्य खाली उतरतो आणि तीच पॅनल एका युनिटावर येतात. पॅनल दक्षिणेकडे तिरकी उभी केली तर दीडपर्यंत. सिॲटलला डिसेंबरात तर पाव युनिटावर समाधान मानावं लागतं, त्यात फ्रिजही पुरा चालत नाही. पॅनलच्या जाहिरातीत हा फरक कुणी सांगत नाही. म्हणून केवळ सौर वीज हा पर्याय मी अपुरा मानतो. इंजिनाच्या अल्टरनेटरवर बसवलेला 40 ते 50 अँपिअरचा चार्जर तासाभराच्या प्रवासात अर्ध्या युनिटाच्या वर वीज भरतो, ढगाळ दिवशीही. दोन दिवसांआड दोन-तीन तास गाडी चालवणाऱ्याची थोडीफार गरज त्यातून भागते. आणि आठवड्यातून एकदा कॅम्पग्राउंडच्या 30 अँपिअरच्या जोडणीवर रात्र काढली, तर रिकाम्या बॅटऱ्या सकाळपर्यंत काठोकाठ भरतात. पॅनल, इंजिन आणि अधूनमधून जोडणी, या तिन्ही वाटा असलेल्याचीच गाडी निर्धास्त चालते.

उरलं चौथं काम, आणि तेच सर्वांत अवघड. मध्यम आकाराच्या व्हॅनच्या भिंती, छत आणि जमीन मिळून 40 चौरस मीटर धरा. बऱ्यापैकी उष्णतारोधन केलं आणि आत-बाहेर 20 अंशांचा फरक ठेवायचा, तर सतत एक ते सव्वा किलोवॅट उष्णता बाहेर झिरपत राहते. दहा तासांच्या रात्रीला 12 युनिटं. आपल्या तीन बॅटऱ्यांची सगळी पुंजी साडेतीन तासांत संपली. बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारा हीटपंप लावला तर हा आकडा तिसऱ्या हिश्श्यावर येऊ शकतो, पण बाहेर गोठू लागलं की त्याचाही जोर ओसरतो. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत फक्त विजेवर गाडी गरम ठेवण्याचा आग्रह मला तरी हट्ट वाटतो. यावर व्हॅनवाल्यांनी शोधलेली वाट व्यवहारी आहे: गाडीच्या टाकीत आधीच असलेलं डिझेल किंवा पेट्रोल छोट्या हीटरमध्ये जाळायचं. एबर्सपेखर आणि वेबास्टो या जर्मन कंपन्यांचे असे हीटर ट्रकचालक कित्येक वर्षं वापरत आले आहेत. ते ज्वलनाची हवा बाहेरून घेतात, धूर बाहेर सोडतात आणि वरच्या हिशोबातल्या रात्रीला दीड लिटर डिझेल पुरतं. 2018 च्या सुमारास बाजारात आलेली विनेबेगोची ‘रेव्हल’ ही व्हॅन याच धर्तीची होती: शेगडी इंडक्शनची, हवा आणि पाणी डिझेलवर, प्रोपेनची टाकीच नाही.

इथे वाजवी आक्षेप येतो: मग यात मिळवलं काय? प्रोपेन जाऊन डिझेल आलं, आणि डिझेलचा धूर तर जास्त काळा. पर्यावरणाच्या नावाने हा बदल करणाऱ्याला हा प्रश्न बोचायलाच हवा. हिवाळ्यात डिझेल हीटर लावणारा आणि प्रोपेनवर हवा तापवणारी भट्टी लावणारा यांच्यात कार्बनचा फार फरक पडत नाही. उंच डोंगरात, विरळ हवेत, डिझेल हीटर काजळीने भरतो ही तक्रारही खरी आहे. फायदा दुसरीकडे आहे. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे गळलं तर जमिनीलगत, बिछान्याखाली साचतं. उघड्या शेगडीवर एक किलो प्रोपेन जळलं की 1.6 किलो पाण्याची वाफ आत सुटते, ती थंड पत्र्यावर घाम होऊन बसते आणि गादीला बुरशी आणते. खिडकी लावून घेतली तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. बाल्टिमोर बंदराखालच्या बोगद्यांतून ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा सिलिंडर नेता येत नाही, लांबचा वळसा पडतो. युरोपात एका देशातला सिलिंडर दुसऱ्या देशात सहसा बदलून मिळत नाही. आणि ज्या भट्टीच्या जिवावर ‘प्रोपेनला वीज लागत नाही’ असं ऐकवतात, तिचा पंखा 60 ते 90 वॅट घेतोच. बॅटरी संपली की तीही बंद. दोन इंधनं, दोन नळ्या, दोन तपासण्या यांच्याऐवजी गाडीत एकच इंधन ठेवणं, हा मला पटणारा युक्तिवाद आहे. बाकीचे त्याच्या मागून येतात.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा. सगळं विजेवर आलं आणि इन्व्हर्टर जळाला, तर चहाही नाही, पाणीही नाही. हे खरं आहे. पण त्याला उत्तर म्हणून भिंतीत नळ्या आणि टाकी बसवण्याची गरज नाही. पाव किलोच्या डब्यावर चालणारी सुटी शेगडी गाडीबाहेर, मोकळ्या हवेत वापरायला जवळ ठेवली की झालं. भाकरीही तिच्यावर फुगेल. थंडीवरचा स्वस्त उपायही असाच साधा आहे. 12 व्होल्टचं विजेवर तापणारं अंथरूण 50-60 वॅट घेतं, म्हणजे रात्रीला अर्धं युनिट. हवा तापवायला 12 युनिटं लागत असताना माणूस अर्ध्या युनिटात उबदार झोपतो. आणि ज्याला सवड आहे त्याचा उपाय तर सर्वांत जुना: थंडी टाळायची. दर हिवाळ्यात उत्तरेकडचे हजारो कॅम्पर ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटच्या आसपास सरकारी वाळवंटी जमिनीवर येऊन थडकतात. जिथे जोडणीची वीज नाही, पण ऊन आहे.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा हाच प्रश्न आपल्याकडे वेगळ्या रूपात आला. इथे चौथं काम जवळजवळ नाहीच. कोकणात मे महिन्यात प्रश्न असतो तो उकाड्याचा, आणि छतावरचा एसी प्रोपेनवर कधीच चालत नव्हता. कंप्रेसर चालू असताना तो सव्वा ते दीड किलोवॅट घेतो. रात्रभरात पाच-सहा युनिटं सहज जातात. म्हणजे आपल्याकडे बॅटरी मोठी हवी ती एसीसाठी, आणि ती एकदा घेतलीच तर सिलिंडर ठेवायला कारण उरत नाही. लडाखला जाणाऱ्याने तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या घरगुती गॅसमध्ये ब्यूटेनचा भरणा मोठा असतो. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वायू होत राहतं, ब्यूटेन मात्र शून्याच्या जरा खालीच द्रव होऊन बसतं. थंडीत सिलिंडर भरलेला आणि शेगडी मरगळलेली, ही तिथली नेहमीची रड आहे.

खरी कोंडी आहे ती ट्रेलरवाल्यांची. व्हॅनला स्वतःचं इंजिन आहे, डिझेलची टाकी आहे, अल्टरनेटर शेजारीच आहे. ट्रेलर ही नुसती खोली. गाडी सोडून निघून गेली की तिच्याकडे छतावरची पॅनल आणि बॅटरी एवढंच उरतं. उष्णतेसाठी वेगळी डिझेलची टाकी बसवावी तर एका इंधनाचा युक्तिवाद तिथे लागू पडत नाही. 2023 मध्ये लाइटशिप या अमेरिकी कंपनीने सुमारे 80 युनिटांची बॅटरी बसवलेला संपूर्ण विजेचा ट्रेलर जाहीर केला. वरच्याच हिशोबाने पाहिलं तर गोठवणाऱ्या थंडीत, इतर वापर धरून, ही बॅटरी पाच रात्री काढील, हीटपंप असेल तर आणखी काही. पण एवढ्या बॅटरीची किंमत आज साध्या ट्रेलरच्या किमतीशी स्पर्धा करते. ज्याच्याकडे जुना ट्रेलर आहे आणि ज्याला नोव्हेंबरात कोलोरॅडोत राहायचं आहे, त्याने फ्रिज बदलावा, इंडक्शन घ्यावं, आणि भट्टीपुरता एक सिलिंडर पुढच्या दांड्यावर राहू द्यावा. फ्रिज त्याच्यावरून उतरला की मार्च ते ऑक्टोबर तो उघडायची वेळ क्वचितच येईल.